खडी कुंडीत, पाणी गटारात: एका घरबागेचं प्रकरण

निचरा सुधारावा म्हणून बागेत बारीक खडी घातली आणि दोन महिन्यांत घराचा पाणीवापर दिवसाला १८० लिटरनं वाढला, अशा एका घराची ही नोंद आहे. ओळख पटेल असे तपशील वगळले आहेत. आकडे मीटरच्या वाचनांचे आणि बादली-काट्यानं केलेल्या मोजमापांचे आहेत.

पार्श्वभूमी

घर दुमजली, माणसं चार. पहिल्या मजल्याच्या गच्चीवर ३७ कुंड्या, बहुतेक २५ सेंटीमीटर व्यासाच्या, प्रत्येकीत साधारण ८ लिटर मिश्रण. तळमजल्याला लागून १२ चौरस मीटरचा वाफा, माती चिकण. छपरावर साठवणीची टाकी, आत येणाऱ्या मुख्य नळावर मीटर. बागेला पाणी नळीनं, हातात धरून, एक दिवसाआड १४ मिनिटं.

लागोपाठ आलेल्या ओल्या दिवसांत सात झाडं गेली. उपटल्यावर मुळं तपकिरी, बुळबुळीत, कुजका वास. निदान बरोबर होतं: मुळांना हवा मिळाली नव्हती. उपाय मात्र ऐकीव निघाला: ‘खडी घाला, निचरा होईल.’ दोन सुट्ट्यांत २ ते ६ मिलिमीटरची धुतलेली खडी तीन प्रकारे वापरली गेली. ३६ कुंड्यांच्या तळाशी ५ सेंटीमीटरचा थर दिला. त्याच कुंड्यांच्या उरलेल्या मिश्रणात आकारमानानं ४० टक्के खडी मिसळली. वाफ्यावर २ सेंटीमीटर खडी पसरून ती १५ सेंटीमीटर खोल खणून एकजीव केली. २ सेंटीमीटर ऐकायला किरकोळ वाटतं, पण १२ चौरस मीटरवर ते पाव घनमीटरच्या जवळ जातं, म्हणजे साडेतीनशे किलोच्या आसपास.

एक कुंडी ऐन फुलावर होती म्हणून तशीच राहिली. पुढं तुलनेला तीच उपयोगी पडली.

अडचण कशी दिसली

कुंड्या दुसऱ्या दिवसापर्यंत कोरड्या पडू लागल्या. दुपारी पानं माना टाकायची, म्हणून पाणी एक दिवसाआडचं रोजचं झालं. वाफ्यात पाणी जिरायच्या ऐवजी पृष्ठभागावरून वाहून कडेला साचायचं. पाण्याची सरासरी दिवसाला ६१० लिटरवरून ७९० वर गेली. घरच्यांनी सगळा दोष खडीला दिला. काहींचं म्हणणं त्याहून टोकाचं: बागच कमी करा.

दोन्ही निष्कर्ष घाईचे होते. १८० लिटर नेमके कुठं जातात हे कुणी पाहिलंच नव्हतं.

आधी मोजमाप

पहिली चाचणी रात्रीची. छपरावरची टाकी पूर्ण भरू दिली, बॉल कॉक बंद झाल्याची खात्री केली, आणि रात्री ११ व पहाटे ५ अशी दोन वाचनं घेतली. टाकी भरत असताना मीटर फिरतोच, त्यामुळं ती भरलेली नसेल तर या चाचणीला अर्थ नाही. मधल्या सहा तासांत कुणी नळ उघडला नाही, फ्लश वापरला नाही. तरी मीटर १८ लिटर पुढं गेला. तासाला ३ लिटर, दिवसाला ७२. टाकीतलं पाणी अगदी थोडं उतरलं तर बॉल कॉक उघडत नाही, म्हणून एकाच रात्रीवर विसंबून न राहता चाचणी तीन रात्री केली. आकडा १७ ते १९ लिटरच्या मध्येच राहिला.

गळती शोधायला फ्लशच्या टाक्यांत खायच्या रंगाचे थेंब टाकले आणि अर्धा तास कुणी फ्लश केला नाही. तळमजल्यावरच्या भांड्यात रंग उतरला. टाकी उघडल्यावर तळाच्या झडपेच्या रबरी वॉशरखाली राखाडी, धारदार कडांचे कण सापडले. वॉशर नीट बसत नव्हता, पाणी सतत झिरपत होतं. त्याच मजल्यावरच्या वॉशबेसिनच्या नळाची जाळी काढली, तिच्यातही तेच कण. टाकीतला गाळ तपकिरी आणि मऊ असतो. हे कण बागेतल्या खडीच्या चुऱ्याशी जुळत होते.

बागेतली खडी बंद नळाच्या आत शिरली कशी? खडी धुताना गच्चीवरच्या टबात नळीचं तोंड बुडवून ठेवलं होतं आणि बागेचा नळ चालू होता. त्याच दिवशी छपरावरची टाकी साफ करायला तिचा व्हॉल्व्ह बंद केला गेला. खाली कुणीतरी नळ उघडला. वरून पुरवठा बंद, खाली तोंड मोकळं. टबातलं राखाडी पाणी नळीतून उलटं ओढलं जाऊन घराच्या पाइपांत गेलं. यालाच उलटा प्रवाह म्हणतात. टबात खडीऐवजी कीटकनाशक कालवलेलं असतं तर हे प्रकरण वॉशरवर निभावलं नसतं.

दुसरी चाचणी नळीची. १५ लिटरची बादली ५० सेकंदांत भरली, म्हणजे मिनिटाला १८ लिटर. आता रोज साडेबारा मिनिटं पाणी दिलं जात होतं: ६ मिनिटं कुंड्यांना, साडेसहा वाफ्याला. रोजचे २२५ लिटर. पूर्वीचे १४ मिनिटांचे २५२ लिटर दोन दिवसांत वाटले तर दिवसाचे १२६. वाढ ९९ लिटर.

९९ आणि ७२ मिळून १७१. उरलेले ९ लिटर ऊन वाढल्याच्या खात्यात टाकायला हरकत नाही. म्हणजे वाढीतला दोन पंचमांश भाग बागेतल्या पाण्याचा नव्हताच.

तिसरी चाचणी कुंडीची. चार कुंड्या उथळ टबांत ठेवून नेहमीसारखं दहा सेकंद, म्हणजे ३ लिटर पाणी दिलं. पंधरा मिनिटांनी टबात सरासरी २.४ लिटर होतं. कुंडीनं ठेवलं जेमतेम ०.६. जी कुंडी बदलली नव्हती ती आणि खडीची कुंडी, दोन्ही पूर्ण भिजवून, निथळवून काट्यावर ठेवल्या आणि पानं मलूल होऊ लागली तेव्हा पुन्हा वजन केलं. जुन्या मिश्रणाच्या कुंडीनं झाडाला २.२ लिटर पुरवलं, खडीच्या कुंडीनं १.२.

या आकड्यांत एक गोष्ट सहज नजरेतून सुटते. खडी घातली म्हणून झाड जास्त पाणी पीत नाही. दोन्ही कुंड्यांतलं झाड दिवसाला साधारण ०.६ लिटरच घेत होतं. खडीनं कमी केलं ते कुंडीचं कोठार. कोठार लहान झालं म्हणून पाळी रोजची झाली, पण दर पाळीचं माप ३ लिटरच राहिलं. ३६ कुंड्यांना रोज १०८ लिटर मिळत होते, त्यातले ८६ तळातून बाहेर जात होते. जाताना खतही घेऊन जात होते. जुनी पानं पिवळी पडत होती ती त्यामुळं.

खडीचं नेमकं काय चुकलं

तळाचा थर हा सगळ्यात जुना आणि सगळ्यात चिवट गैरसमज. बारीक छिद्रांच्या मिश्रणातलं पाणी खालच्या मोठ्या पोकळ्यांच्या खडीत आपणहून उतरत नाही. बारीक छिद्रांची ओढ, म्हणजे केशाकर्षण, ते धरून ठेवतं. वरचा थर पुरता भिजल्यावरच पाणी खाली ठिबकतं. प्रत्येक कुंडीच्या तळाशी ओलीगच्च पट्टी असतेच, आणि तिची उंची मिश्रणाच्या बारीकपणावर ठरते, कुंडीच्या उंचीवर नाही. खाली ५ सेंटीमीटर खडी टाकली की ती पट्टी ५ सेंटीमीटर वर सरकते, मुळांच्या आणखी जवळ. निचऱ्यासाठी केलेला उपाय मुळं कुजायला मदत करतो, शिवाय मिश्रणाची जागा खातो.

मिश्रणातली ४० टक्के खडी ही मधली अडचण. खडीचे दाणे एकमेकांना टेकले, त्यांच्यामधल्या पोकळ्या मोकळ्या राहिल्या, तरच हवा वाढते. त्यासाठी खडी मिश्रणाच्या निम्म्याहून बरीच जास्त लागते. त्याखालच्या प्रमाणात दाणे बारीक मिश्रणात मनुक्यांसारखे रुतून बसतात. छिद्रं आहेत तशीच बारीक राहतात, फक्त पाणी धरणारं मिश्रण कमी होतं. निवडुंग, कोरफड, अडेनियम, रोजमेरी यांना ते चालतं, कारण त्यांना लहान कोठारच हवं असतं. नेचे, गुलाब, टोमॅटो यांची पंचाईत होते.

वाफ्यात तर उलटंच झालं. चिकणमातीत थोडी वाळू किंवा खडी मिसळली की चिकणमातीचे बारीक कण दाण्यांमध्ये गच्च भरतात आणि वाळल्यावर वीट होते. जिरण्याचा वेग पाहायला १५ सेंटीमीटर व्यासाचा, दोन्ही बाजू कापलेला डबा ५ सेंटीमीटर मातीत ठोकला. आत ४४० मिलिलिटर पाणी ओतलं, म्हणजे अडीच सेंटीमीटर उंची. ते जिरल्यावर पुन्हा तेवढंच ओतून वेळ मोजली; कोरडी माती पहिलं पाणी फसवं भरभर पिते, म्हणून मोजायचं दुसरं. खडी मिसळलेल्या भागात ७० मिनिटं लागली. वाफ्याच्या कोपऱ्यात जिथं फक्त कंपोस्ट पडलं होतं, तिथं २५.

कोणते पर्याय तोलले

पहिला पर्याय वाफ्यात आणखी खडी घालण्याचा. २० सेंटीमीटर खोलीच्या चिकणमातीचा पोत बदलायचा तर मिश्रणात निदान निम्मी खडी हवी, म्हणजे मातीएवढीच. १२ चौरस मीटरला सुमारे २.४ घनमीटर, म्हणजे साडेतीन टन. शिवाय वाफ्याची पातळी तेवढी वर येणार. कागदावरच खोडला.

दुसरा, सगळ्या कुंड्या रिकाम्या करून खडी काढण्याचा. आकर्षक, पण ऐन उन्हात ३६ झाडांची मुळं उघडी करणं म्हणजे आधीच ताणात असलेल्या झाडांना दुसरा धक्का. शिवाय त्यांतल्या १२ कुंड्यांत कोरडं सोसणारी झाडं होती. त्यांना हात लावायचं कारणच नव्हतं.

तिसरा पर्याय ठिबकचा. छपरावरच्या टाकीतून गच्चीपर्यंत उतार साडेतीन मीटर. पाण्याच्या १० मीटर उंचीला १ बार दाब धरतात, म्हणजे इथं जेमतेम ०.३५ बार. दाब समतोल राखणाऱ्या तोट्यांना बहुधा अर्धा ते एक बार लागतो. एवढ्या उतारावर त्या कमी-जास्त टपकतात किंवा टपकतच नाहीत. साध्या, फिरवून कमी-जास्त करता येणाऱ्या तोट्या चालल्या असत्या, पण प्रत्येक तोटीचं माप घ्यावं लागणार होतं.

चौथा, कपडे धुण्याच्या यंत्राचं पाणी वाफ्याला. इथं मतभेद झाले. एकाचं म्हणणं, खडीची गाळणी करून सगळंच पाणी वापरू. ते नाकारलं, आणि योग्यच. खडी कण अडवते, विरघळलेले क्षार अडवत नाही. धुण्याच्या पावडरीतलं सोडियम चिकणमातीची भुसभुशीत ढेकळं मोडून तिचा लगदा करतं. ज्या वाफ्यात पाणी जिरत नाही तिथं तेच पाणी घालणं म्हणजे आजारावर आजार. ठरलं ते फक्त शेवटच्या विसळणीचं, तेही खाण्याची पानं नसलेल्या झुडपांना, आणि एक पाळी साबणी तर एक पाळी साध्या पाण्याची.

पाचवा पर्याय सुचला उशिरा आणि ठरला सर्वात किफायतशीर: खडी फेकायची नाही, तिची जागा बदलायची. तळात आणि आत तोट्याची असलेली हीच खडी पृष्ठभागावर पाणी वाचवते. वरच्या २ सेंटीमीटर खडीतल्या पोकळ्या इतक्या मोठ्या असतात की खालची ओल केशाकर्षणानं वर चढू शकत नाही. ऊन आणि वारा कोरड्या खडीवर आदळतात, ओल्या मातीवर नाही.

काय केलं, कोणत्या क्रमानं

गळती पहिली. फ्लशच्या टाकीचं पाणी बंद करून ती रिकामी केली, वॉशर आणि त्याची बैठक मऊ कापडानं पुसली. वॉशरवर चरा पडलेला होता म्हणून तो बदलला. नुसता पुसला असता तर आठवड्यात पुन्हा झिरपला असता. पाण्याची पातळी वाहून जाणाऱ्या नळीच्या तोंडाखाली अडीच सेंटीमीटर ठेवली. नळांच्या जाळ्या आणि धुण्याच्या यंत्राच्या नळीतली जाळी धुतली. बागेच्या नळावर व्हॅक्यूम ब्रेकर, म्हणजे पाणी उलटं ओढलं जाऊ न देणारा जोड, बसवला. तो बसेपर्यंतचा नियम साधा होता: नळीचं तोंड टबाच्या काठाच्या वर, निदान नळीच्या व्यासाच्या दुप्पट आणि कधीही २५ मिलिमीटरपेक्षा कमी नाही एवढं अंतर सोडून धरायचं.

मग कुंड्यांची वाटणी. कोरडं सोसणाऱ्या १२ कुंड्यांचा फक्त तळथर काढला, मिश्रण तसंच ठेवलं. तहानलेल्या २४ पैकी १५ कुंड्या तीन संध्याकाळी पाच-पाच करून पुन्हा भरल्या. आदल्या दिवशी पाणी दिलं, झाड गोळ्यासह उचललं, मुळांना चिकटलेली खडी ओरबाडली नाही. जुनं मिश्रण सावलीत वाळवून २ मिलिमीटरच्या चाळणीतून काढलं. खडी वर राहिली. नव्या मिश्रणात चार भाग कोकोपीट, तीन भाग चाळलेलं जुनं मिश्रण, तीन भाग कंपोस्ट. कोकोपीट आधी दोनदा भिजवून निथळवलं, कारण त्यात क्षार असू शकतात. तळाच्या भोकावर खापरी किंवा खडी नाही, फक्त जाळीचा तुकडा. उरलेल्या ९ कुंड्या फुला-फळावर होत्या, त्या खडीच्याच मिश्रणात सोडल्या.

वरचा थर सर्वांना. २५ सेंटीमीटर व्यासाच्या कुंडीला २ सेंटीमीटरसाठी साधारण १ लिटर, म्हणजे दीड किलो खडी पुरते. खोडाभोवती दोन बोटं जागा मोकळी ठेवली आणि कुंडीचा काठ वर दोन-तीन सेंटीमीटर रिकामा सोडला, नाहीतर पाणी आधी बाहेर सांडतं. खडीवर व्हिनेगरचे थेंब टाकून पाहिले. फेस आला असता तर ती चुनखडीची, आणि आम्ल माती लागणाऱ्या अझेलियासारख्या झाडांना ती टाळावी लागली असती. फेस आला नाही.

खडी धुण्याची पद्धतही बदलली. पूर्वी टबात आणि नळाखाली टोपलीत धरून धुतली होती, त्यात पाणी बेसुमार गेलं. शिवाय तो राखाडी गाळ न्हाणीघरात ओतल्यामुळं नहाणी ट्रॅपमध्ये दगडासारखा बसला आणि तो हातानं काढावा लागला. आता आधी कोरडी चाळण, मग २० किलोला १० लिटरची बादली, ढवळून दोन पाणी. धुतलेलं पाणी रात्रभर निवळू दिलं, वरचं स्वच्छ पाणी वाफ्याला, तळाचा चोथा वाळवून बागेच्या वाटेवर. घरातल्या कुठल्याही नाल्यात नाही.

वाफ्यातली खडी काढणं अशक्य होतं. म्हणून तिथं ५ सेंटीमीटर कंपोस्ट पसरून फावड्यानं न उलटता दाताळ्यानं फक्त वरच्या १० सेंटीमीटरात मिसळलं, तेही माती ना ओली ना कोरडी असताना. मूठभर माती दाबली तर गोळा व्हावा आणि बोटानं टोचल्यावर फुटावा, ही वेळ. वर ५ सेंटीमीटर वाळल्या पानांचं आच्छादन घातलं. पाणी आठवड्यातून दोनदा, दर वेळी १२० लिटर, म्हणजे १० मिलिमीटर. तेही एकदम नाही: अर्धं देऊन वीस मिनिटं थांबायचं, मग उरलेलं.

यंत्राच्या शेवटच्या विसळणीचं पाणी ४० लिटरच्या पिंपात घ्यायला सुरुवात केली. आठवड्याला चार धुणी, म्हणजे दिवसाला सरासरी २३ लिटर. नळीच्या तोंडाला बारीक जाळीची पिशवी बांधली. धाग्यांचा लगदा तिच्यातच अडकतो आणि ती दर धुण्यानंतर उलटी करून झटकायची. नळी पुस्तिकेत सांगितलेल्या उंचीपेक्षा वर नेली नाही, नाहीतर यंत्राचा पंप दमतो. पाणी त्याच दिवशी संपवायचं, २४ तासांवर ठेवायचं नाही. ब्लीच वापरलेल्या धुण्याचं पाणी सरळ गटारात.

ठिबकनं पहिल्यांदा दगा दिला

शेवटी साध्या तोट्यांचं ठिबक गच्चीवर बसवलं: १२ मिलिमीटरची मुख्य नळी, सुरुवातीला १२० मेशची गाळणी, २४ कुंड्यांना एकेक तोटी, तासाला २ लिटरवर लावलेली. लावताना प्रत्येक तोटीखाली पेला ठेवून सहा मिनिटं मोजलं. २०० मिलिलिटर यायला हवं. टाकीपासून लांबच्या तोट्यांना १४० आलं, त्या थोड्या जास्त उघडल्या. रोज सकाळी २० मिनिटं.

चौथ्या दिवशी खडीच्या ९ कुंड्यांतली पानं एका बाजूनं लोंबली. खडी असलेल्या मिश्रणात पाणी आडवं पसरत नाही, तोटीखाली सरळ चिरूटासारखं खाली उतरतं. अर्धी कुंडी ओली, अर्धी ठणठणीत. २० मिनिटांचं ४० करायचा मोह झाला. ते केलं असतं तर तळातून जाणारं पाणी परत आलं असतं आणि झाडाची कोरडी बाजू कोरडीच राहिली असती.

त्याऐवजी त्या ९ कुंड्यांना समोरासमोर दोन तोट्या, प्रत्येकी तासाला १ लिटर. आणि सगळ्यांसाठी वेळ तीन तुकड्यांत: ७ मिनिटं, अर्धा तास विश्रांती, पुन्हा ७, पुन्हा ७. पहिल्या तुकड्यानं मिश्रण ओलसर होतं, दुसऱ्याचं पाणी त्या ओलीच्या वाटेनं बाजूला सरकतं. कुंडीला एकूण ०.७ लिटर. टब लावून पाहिलं तर खाली चमचाभर. महिन्यातून एकदा मात्र मुद्दाम १ लिटर जास्त सोडायचं, म्हणजे साठलेले क्षार धुऊन निघतात. अजिबात न झिरपणारी कुंडी हीही चांगली खूण नव्हे.

निकाल

आठ आठवड्यांनी १४ दिवसांची सरासरी ५५५ लिटर आली. गळतीचे ७२ गेले. कुंड्यांना १०८ ऐवजी सुमारे २१. वाफ्याला नळाचं पाणी ११७ ऐवजी ३४, जोडीला विसळणीचं २३. हिशोबानं ५४८ यायला हवं होतं. दिवसाला सातचा फरक पाहुण्यांच्या काही आंघोळींतही निघतो. खडी घालण्याआधीच्या ६१० पेक्षाही हा आकडा खाली आहे, पण त्याचं कारण ठिबक आणि आच्छादन, निव्वळ जुन्यावर परतणं नव्हे.

वाफ्यात दुसऱ्या पाण्याला जिरायला आता ४० मिनिटं लागतात. ७० पेक्षा बरं, २५ पेक्षा वाईट. कंपोस्टचे आणखी दोन-तीन हंगाम गेल्याशिवाय यात मोठा फरक पडायचा नाही.

दोन नेचे मेले. ठिबक लागायच्या आधीच ते हाताबाहेर गेले होते, आणि नेच्यांच्या कुंडीत ४० टक्के खडी पहिल्याच दिवशी नको होती.

नव्या कटकटीही आल्या. वरची खडी कायम कोरडी दिसते, त्यामुळं घरात ज्याला दया येईल तो मगभर पाणी ओतायचा. बोटानं ओल पाहणं खडीमुळं अवघड. म्हणून प्रत्येक पाचव्या कुंडीत एक लाकडी काडी खोल खुपसून ठेवली. बाहेर काढल्यावर गडद आणि गार लागली तर पाणी नाही. दोन महिन्यांनी काही कुंड्यांच्या खडीवर पांढरा थर चढला, तो जड पाण्यातल्या क्षारांचा. वरची खडी काढून धुऊन परत घातली. आणि वाफ्यात जिथं विसळणीचं पाणी दर वेळी एकाच जागी पडत होतं, तिथं राखाडी पापुद्रा धरला. एक पाळी साधी, एक साबणी हा नियम कागदावरच राहिला होता. पिंपाची नळी लांब करून पाणी चार जागी वाटायला लागल्यावर पापुद्रा थांबला.

वेगळं काय करता आलं असतं

सर्वात महाग पडलेला निर्णय म्हणजे ३६ कुंड्या एका दमात बदलणं. तीन कुंड्यांत तीन प्रमाणं (खडी नाही, २० टक्के, ७० टक्के) घालून दोन आठवडे वजन केलं असतं तर उत्तर काट्यावरच दिसलं असतं. मुळं कुजली ती मिश्रण दोन वर्षांत बसून गच्च झाल्यामुळं आणि ओल्या दिवसांतही एक दिवसाआड नळी चालूच राहिल्यामुळं. पाण्याची पाळी थांबवली असती आणि मिश्रण ताजं केलं असतं, तर खडीची गरज त्या बारा कुंड्यांपलीकडं पडली नसती.

रात्रीचं मीटरवाचन दोन महिने आधी व्हायला हवं होतं. ७२ लिटर रोज या हिशोबानं साठ दिवसांत ४ हजार लिटरहून जास्त पाणी एका चरा पडलेल्या वॉशरखालून गेलं, आणि तेवढे दिवस वाद चालला होता कुंड्या कमी करण्याचा.

ठिबकच्या बाबतीत आमचं, म्हणजे ही नोंद लिहिणाऱ्यांचं, मत थोडं वेगळं आहे. टब लावून पाहिल्यावर नळी बाजूला ठेवून १ लिटरच्या मगानं, कुंडीगणिक पाऊण मग, दोन टप्प्यांत दिलं असतं तरी कुंड्यांचं पाणी बरंचसं आटोक्यात आलं असतं. तोट्या, गाळणी, दर महिन्याची सफाई हा पसारा नंतर जोडता आला असता. घरच्यांना मात्र बाहेरगावी जायचं असतं, आणि पाण्याचा मग आपोआप चालत नाही.

उरलेल्या ९ कुंड्या हंगाम संपल्यावर बदलायच्या आहेत. त्यांतून निघणारी खडी, आणि पहिल्या खेपेतली शिल्लक, बागेच्या नळाखाली ४० सेंटीमीटर खोल शोषखड्ड्यात जाणार आहे. तिथं नळी जोडताना-काढताना सांडणारं पाणी चिखल करत होतं.